पत्रिका कुणी कठाळली?

लग्नपत्रिकेचा मजकूर सगळ्या घरानं मिळून लिहावा, ही कल्पना भागवतची. त्यामुळं पुढं जे झालं त्याला तो जबाबदार होताच. फक्त नेमका किती जबाबदार होता, हे घरच्यांना ठाऊक नव्हतं.

भागवत वसमतला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचा. घराण्यात लिहिता माणूस तो एकटाच. म्हणून कुणी वारलं की श्रद्धांजली त्याच्याकडं, कुणी निवडून आलं की अभिनंदन त्याच्याकडं, आणि तोच निवडून आलेला पुढच्या खेपेला पडला की मतदारांचे आभारही त्याच्याकडं. थोरले भाऊ तातेराव कुरुंद्याला शेती बघायचे. त्यांच्या वैष्णवीचं लग्न सेनगावकडच्या एका स्थळाशी ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, "भागवत, पत्रिकेचं तेवढं तू बघ."

पत्रिकेचं बघणं म्हणजे काय, हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळतं. नवरा-नवरी दोन ओळींत आटोपतात. उरलेल्या कागदावर भावकी असते. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाच्या पुढं 'माजी उपसरपंच' आणि कुणाच्या पुढं नुसतंच पांढरं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं जातं. मागच्या लग्नात एका चुलत्याचं नाव 'आपले विनीत'मधून सुटलं होतं. तो दिवसभर मांडवाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मी घरचा न्हाई, मी नुसता बघायला आलो." जेवला मात्र दोनदा.

ते टाळावं म्हणून भागवतनं मजकूर इंटरनेटवर एका फाईलमध्ये ठेवला, तिची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'ज्याने त्याने आपले नाव, पद व स्थान तपासून आवश्यक ती दुरुस्ती स्वहस्ते करावी. नंतर तक्रार चालणार नाही.' ज्याच्या हाती लिंक, त्याला लिहायचा आणि खोडायचा अधिकार. सेनगावच्या पाहुण्यांनाही लिंक दिली, त्यांची नावं चुकू नयेत म्हणून. एकूण सगळं लोकशाही पद्धतीनं चाललं होतं, आणि पुढंही तसंच झालं.

आधी लोकांनी नावं दुरुस्त केली. मग पदं वाढवली. मग एकमेकांची पदं कमी केली. आणि मग कुणाला तरी कंटाळा आला. 'कृपया आहेर आणू नये' याचं सकाळी 'कृपया आहेर विसरू नये' झालं. स्नेहभोजनाच्या ओळीखाली 'वरण पातळ असेल, ताट धरून बसावे' अशी सूचना आली. लग्नाची वेळ खोडून तिथं 'पाहुणे जागे झाल्यावर' असं लिहिलं गेलं. सगळ्यात शेवटी लेकरांची ओळ असते ना, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', तिच्यापुढं कुणीतरी जोडलं, 'आम्हाला शाळा बुडवायची आहे'. भागवत रोज संध्याकाळी बसून हे सगळं पुसायचा आणि रोज सकाळी नवं उगवायचं.

हे करतंय कोण, ते कळायला मार्ग नव्हता. जो आपलं नाव न सांगता फाईल उघडतो, त्याला ती फाईल स्वतःच एखाद्या प्राण्याचं नाव देते. वर कोपऱ्यात दिसायचं: अनामिक कोल्हा, अनामिक पाणघोडा, अनामिक बदक. घरात यावरून वेगळीच भांडणं लागली. नाव स्वभावावरून पडतं असा समज झाल्यानं पाणघोडा कुणीच व्हायला तयार नव्हतं. तातेरावांच्या बायकोनं, सुमनबाईनं, एकदा जेवताना सगळ्यांसमक्ष विचारलं, "आपल्यात पाणघोडा कोण हाय?" आणि सगळे तातेरावांकडं पाहू लागले.

शेवटी भागवतनं ग्रुपवर एक शब्द सोडला. त्या भागात देवाच्या नावानं सोडलेल्या बैलाला कठाळ्या म्हणतात. तो कुणाच्याही उभ्या पिकात शिरतो, चार घास खातो, बाकीचं तुडवतो आणि तिथंच रवंथ करत बसतो. देवाचा असल्यामुळं त्याला काठी मारता येत नाही. हात जोडून "चला बाबा, पुढं चला" एवढंच म्हणायचं. भागवतनं लिहिलं, 'सर्वांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात गुपचूप शिरून नासधूस करणे यास यापुढे कठाळणे असे म्हटले जाईल. कृपया पत्रिका कठाळू नये.'

त्याच्या आयुष्यभराच्या लेखनातला लोकांनी उचललेला हा पहिला शब्द. दोन दिवसांत कुरुंद्यात बायका पाण्याच्या टाकीवर विचारू लागल्या, "आज कुणी कठाळलं व्हय?" कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वेळापत्रकाच्या फाईलला तो शब्द लागला. पत्रिका कठाळायची मात्र थांबली नाही, उलट वाढली. कामाला नाव मिळालं की माणसाला हुरूप येतो.

आणि इथंच भागवतचं चुकलं.

एके दुपारी तास ऑफ होता. तो कॉलेजच्या संगणकावर, स्वतःचं नाव न टाकता, फाईल साफ करत बसला होता. कुणाचं तरी पुसता पुसता त्याला वाटलं, इतके दिवस आपण नुसती राखण करतोय. एक घास खाऊन तर बघावं. समोर ओळ होती: 'मामा: श्री. रणजीतराव, वारंगा फाटा'. रणजीतराव म्हणजे सुमनबाईचे भाऊ, वैष्णवीचे सख्खे मामा. फाट्यावर त्यांचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान. माणूस सोन्यासारखा, पण दुकानातून हलायचा नाही. वैष्णवीच्या साखरपुड्याला ते पोचले तेव्हा मंडपवाला गाद्या गोळा करत होता. भागवतनं त्यांच्या नावापुढं कंस उघडला आणि लिहिलं, '(वेळ मिळाल्यास)'.

मग तो एकटाच हसला. चांगलं जमलं होतं. हसून झालं की पुसणार होता, पण तेवढ्यात वीज गेली.

वीज परत येईपर्यंत त्याचे दोन तास झाले आणि स्टाफरूममध्ये राहिलेल्या फोनवर सुमनबाईचे तीन मिस्ड कॉल. घरात रडारड होती. रणजीतरावांनी फोन करून सांगितलं होतं, "ताई, मी लग्नाला येत न्हाई. मला वेळ न्हाई. तुमच्या पत्रिकेतच तसं छापून राहिले."

मामा नाही म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मंगलाष्टकं चालू असताना पोरीच्या मागं मामाच उभा राहतो. तिथं दुसरा उभा केला तर मांडवातला प्रत्येक माणूस शेजारच्याला विचारणार, आणि शेजारचा सांगणार. वैष्णवी फोनवर म्हणाली, "काका, मामा नसले तर मी बाहेरच येणार न्हाई. सांगून ठेवते."

तातेराव जास्त बोलत नसत. त्या दिवशीही एवढंच बोलले, "भागवत, तू शिकलेला हायेस. फाट्यावर जा. रणजीतची समजूत घाल. आन ते कोण हाय, त्याचा पत्ता लाव. मी त्याला मांडवात दिसू देणार न्हाई."

"लावतो," भागवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर वारंगा फाट्याला निघाला. रस्ताभर त्यानं तीन वेगवेगळी भाषणं तयार केली. एकातही 'मी' हा शब्द नव्हता.

दुकानात रणजीतराव ताडपत्रीच्या थप्पीवर बसले होते. निळ्या, काळ्या, पिवळ्या थप्प्या आणि मधोमध पांढऱ्या शर्टातले मामा. भागवतला पाहून त्यांनी शेजारची थप्पी झटकली. माणूस रागावला तरी पाहुणचार सोडत नव्हता.

"या सर, बसा. चहा सांगतो. पर त्या विषयाचं बोलू नका."

"मी त्याच विषयाचं बोलायला आलोय."

"मग बोला," मामा म्हणाले. "पर आधी माझं आइका. त्या टायमाला मी फाईलमधीच व्हतो."

भागवतच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं.

"बदक दिसत व्हतं ना वर? ते मी. माझं नाव बघायला रोज जात व्हतो. एकच भाची हाय, तिच्या पत्रिकेत नाव हाय, बघावं वाटतं. तर तिथं एक मुंगूस आलं. अनामिक मुंगूस. माझ्या नावापशी येऊन थांबलं. कंस उघडला. मला वाटलं, आता माझं पद लिवणार. 'व्यापारी' लिवतील, नाहीतर 'ताडपत्रीसम्राट' तरी. मग 'वेळ' असं आलं. म्हणलं, चला, 'वेळेवर हजर राहणारे' असं काही लिवून राहिले! सर, खरं सांगतो, मला आनंद झाला. मग 'मिळाल्यास' आलं. एकेक अक्षर, सर. माझ्या डोळ्यांपुढं."

चहा आला. भागवतनं तो इतका गरम प्यायला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मामांना बरं वाटलं.

"हे बघा," मामा म्हणाले, "आपल्या घरातलं हे कोणाचं काम न्हाई. मी रातभर इचार केला. ते मुंगूस सेनगावचं हाय. नवरदेवाचा एक चष्मेवाला चुलता हाय ना, साखरपुड्यात मला बघून हसत व्हता? तेच. मी आता नवरदेवाच्या बापालाच फोन लावतो. म्हणतो, पोरगी द्यायच्या आधी आमच्या घराण्याची चेष्टा करता, पोरगी दिल्यावर काय करसाल?"

आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

भागवतला आपली तिन्ही भाषणं एकदम आठवली आणि एकही कामाचं नव्हतं. सेनगावला हा फोन गेला असता तर मामाचं काय, नवरदेवाच्या पाहुण्यांचं पण मांडवात येणं अवघड होतं. तो थप्पीवरून उठला.

"रणजीतराव, लावू नका. मुंगूस मी आहे."

मामांचा अंगठा फोनवर थांबला. त्यांनी भागवतला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बसा, सर. पाणी प्या."

"अहो, खरं सांगतोय. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून लिहिलं. लगेच पुसणार होतो, लाईट गेली."

"तुमी भले माणूस हाव," मामा गहिवरून म्हणाले. "वहिनीचं घर सांभाळायला दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन राहिले. पर हे तुमचं काम न्हाई."

"काहून न्हाई?" भागवतच्या तोंडून कॉलेजची भाषा निघून गेली.

"आवो, ते वाचून हसू येतं. मला आधी हसू आलं, मग राग आला. तुमचं लिवलेलं वाचून कधी कोणाला हसू आलंय? आमचे आबा वारले तवा तुमी लिवलं व्हतं. अर्धं वाचून झालं तरी आबा वारले का निवडून आले, हे कळंना. तुमची वाक्यं म्हंजे वरात. निघती दुपारी, पोचती दिवे लागल्यावर. अन् हे मुंगूस बघा, दोन शब्दांत मला झोपवून गेलं. लिवणारा हुशार हाय, सर. मी त्याला सोडणार न्हाई, पर हुशार हाय."

भागवतला गुन्हा कबूल करायला धैर्य लागलं होतं. आता तो आपल्यावर सिद्ध व्हावा म्हणून त्याचा जीव खालीवर होऊ लागला. वीस वर्षं लिहून जे मिळालं नाही, ते कौतुक समोर उभं होतं आणि दुसऱ्याच्याच, तेही चष्मेवाल्या चुलत्याच्या नावावर जमा होत होतं.

"थांबा," तो म्हणाला. त्यानं फोनवर नाव न सांगता फाईल उघडली. "सांगा. कुणाचं करू?"

"काय करता?"

"कठाळू. कुणाचं कठाळू सांगा. तुमच्यासमोर करतो."

मामा पुढं सरकले. "दाजींचं करा."

तातेरावांचं नाव वधूपित्याच्या जागी होतं. भागवतनं कंस उघडला आणि सवयीनं लिहू लागला, 'ज्यांच्या अविरत परिश्रमांच्या पार्श्वभूमीवर'.

"बघा," मामा म्हणाले. "निघाली वरात."

भागवतनं ते खोडलं. डोळे मिटले. कुरुंद्याचं घर डोळ्यांपुढं आणलं. थोरले भाऊ, जे कुठल्याही प्रश्नाला आधी स्वयंपाकघराकडं बघतात आणि मग उत्तर देतात. त्यानं लिहिलं, '(सुमनबाईंच्या परवानगीने)'.

मामांनी वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं, आणि मग ते असे हसले की रस्त्यापलीकडं टायर ठोकणारा ट्रक ड्रायव्हर वळून बघू लागला.

"आयला, सर! तुमीच की ते!"

"मीच," भागवत म्हणाला. आयुष्यात एवढ्या अभिमानानं तो कुठल्या लेखाखाली उभा राहिला नव्हता.

"आता त्या उपसरपंचाचं करा."

'माजी उपसरपंच' याच्यापुढं भागवतनं लिहिलं, '(अजून विसरलेले नाहीत)'. मामांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांनी फोन ओढून घेतला आणि एका बोटानं स्वतः प्रयत्न केला. त्यांच्याकडून 'मामाकडील मंडळी' हा सगळा परिच्छेद उडाला. भागवतनं तो परत आणला. इकडं फाईलच्या कोपऱ्यात गर्दी झाली होती. कोल्हा आला, पाणघोडा आला, एक जिराफ आला, आणि सगळे गप्प उभे राहून बघत होते, जत्रेत कुस्ती बघतात तसे.

मग फोन वाजला. तातेराव.

"भागवत! ते मुंगूस परत घुसलं! आता माझ्याच नावावर बसलंय! तू कुठं हायेस?"

मामांनी फोन घेतला. "दाजी, मुंगूस माझ्याजवळच बसलंय. आपले सरच हायेत ते."

तातेरावांना हे पचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "कोण, आपला भागवत? इतकं थोडक्यात?"

मागून सुमनबाईचा आवाज आला. "काय लिवलंय? मला बी सांगा." तातेरावांनी वाचून दाखवलं असावं. "बराबर लिवलंय की. ऱ्हाऊ द्या ते."

"ऱ्हाऊ द्या कसं?" तातेराव म्हणाले. "उद्या सगळं गाव वाचंल."

"गावाला म्हाईत न्हाई व्हय?"

तातेरावांनी घराण्याच्या रीतीनं तोड काढली. "मग असं करा. माझं ऱ्हाऊ द्यायचं असंल तर रणजीतचं बी तसंच ऱ्हायला पायजे. पोरीच्या बापाला कंस अन् मामा मोकळा, असं चालणार न्हाई."

सगळं पुन्हा तिथंच येऊन थांबलं होतं. मामांनी फोन खाली धरला, रस्त्यावरचे ट्रक पाहिले, ताडपत्र्या पाहिल्या.

"छापा," ते म्हणाले.

"नक्की?" भागवतनं विचारलं.

"छापा, सर. पर मी आदल्या दिवशी येतो. मांडवावर टाकायला माझ्याच ताडपत्र्या घेऊन येतो. मंगलाष्टकाच्या आधी तासभर पोरीच्या मागं जाऊन उभा ऱ्हातो. मग लोक पत्रिका वाचतील, माझ्याकडं बघतील, अन् म्हणतील, लिवणाराच गाढव हाय." त्यांनी फोन तोंडाशी नेला. "ताई, ऐकलं का? येतो मी. वैष्णवीला सांग, मामा येतो. रडू नको म्हणावं."

पलीकडून सुमनबाईनं काय उत्तर दिलं ते भागवतला ऐकू आलं नाही, पण मामा नुसतं "व्हय, व्हय" करत राहिले आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत राहिले.

त्यानंतर फोनची रीघ लागली. माजी उपसरपंच खूश होते. त्यांना फक्त कंसातलं अक्षर ठळक पाहिजे होतं. ज्यांच्या नावापुढं काहीच नव्हतं, ते मात्र बिथरले. मांडवाच्या तोंडाशी उभा राहिलेला तो चुलता म्हणाला, "भागवत, मला कंस न्हाई, म्हंजे मला कोणी घरचं समजतच न्हाई." भागवतनं त्याच्या नावापुढं '(घरचेच)' असं लिहिलं. तेवढ्यावर माणूस रडायचा बाकी राहिला. सेनगावहून चष्मेवाल्या चुलत्याचा अत्यंत नम्र निरोप आला, वरपक्षाला ही सोय आहे का?

शेवटी वसमतहून कलीमभाईंचा फोन आला. छापखाना त्यांचा. "सर, मॅटर कब आता? कागद काढून ठेवलाय, मशीन चालू हाय, पोरं बसून हायेत. आज पायजे म्हनले व्हते ना तुमी?"

"आलोच, भाई. घेऊनच येतो."

"मी बी येतो," मामा उठले. "प्रूफ मी बघतो. रस्त्यात कोणी परत कठाळंल."

त्यांनी शटर ओढायची लोखंडी काठी हातात घेतली. भर दुपारी त्यांनी शटरला हात लावला, हे पाहून शेजारचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. भागवतनं मोटारसायकल चालू केली. तेवढ्यात हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक दुकानासमोर लागला आणि ड्रायव्हर ओरडला, "शेठ, दोरी तुटली! जाड दे!"

"एवढं एक गिऱ्हाईक करतो, सर," मामा म्हणाले. "तुमी गाडी चालूच ठेवा."

जाड दोरी मोजता मोजता त्या ट्रकमागं दुसरा ट्रक लागला. त्याला ताडपत्री पाहिजे होती, पण निळी नको, काळी नको. दुसऱ्याच्या मागून एक टेम्पो येताना दिसत होता. मामा आतून ओरडले, "आलोच, सर!"

भागवतनं गाडी बंद केली, टपरीवर आणखी एक चहा सांगितला आणि कलीमभाईंना फोन लावला.

"भाई, जरा उशीर होईल. मामा सोबत आहेत."

"अच्छा," कलीमभाई म्हणाले, आणि पलीकडं मशीन बंद केल्याचा आवाज आला.